फाटकावरचा गूळ

पाथरीला जाऊन आले म्हटलं की इकडचे कोल्हापूरचे लोक लगेच विचारतात, साईबाबांच्या जन्मस्थानाचं दर्शन नीट झालं का. मी दर्शनाला गेले नव्हते. एका माणसाच्या छातीसाठी गेले होते. तिथं जे झालं ते चारचौघांत सांगवत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

माझी धाकटी बहीण सुमन तिकडे दिलेली. तिचे यजमान महालिंगअप्पा पाथरीबाहेरच्या एका जिनिंगमध्ये दिवाणजी आहेत. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना, आणि अप्पांची कचेरी तिथल्या यंत्रांच्या शेडला लागूनच. दिवाळीपासून अप्पांना चार पायऱ्या चढल्या तरी दम लागू लागला. परभणीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, एका नळीत जोरानं फुंकायला लावलं आणि स्पष्ट सांगितलं की या धुळीतून बाहेर पडा, नाहीतर पुढे औषधंही हात टेकतील. बाहेर पडायला जागाही होती. अप्पांच्या थोरल्या भावाचं गंगाखेडला भांड्यांचं दुकान आहे, गल्ल्यावर त्यांना घरचा माणूस हवा होता. रथसप्तमीपर्यंत वाट बघतो, मग दुसरा बघतो, असा त्यांचा निरोप आला होता. पण अप्पा हलायला तयार नव्हते. मी रोज गूळ खातो, आवळा खातो, मला धूळ बाधत नाही, हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

शेवटी सुमननं मला फोन केला. "अक्का, तू जन्मभर कॉलेजात आहार शिकवलास. तुझं ऐकतील. सांग त्यांना की खाण्यानं छाती वाचत न्हाई," असं म्हणाली आणि त्याच दमात म्हणाली, येताना आपल्याकडची गुळाची ढेप घेऊन ये, ह्यांना चांगली असती. पहिल्या वाक्याचा दुसऱ्याशी मेळ कसा बसतो हे मी विचारलं नाही. धाकट्या बहिणींना असले प्रश्न विचारून आजवर माझं काही भलं झालेलं नाही.

पाथरी

कोल्हापूर ते परभणी या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की गुळाची ढेप घेऊन कुणी रेल्वेत बसू नये. मुंग्यांना तिचा पत्ता गाडी सुटण्याआधीच लागला. समोरच्या बाकावरचे गृहस्थ आधी नुसते बघत होते, मग पाय वर घेऊन बसले आणि अर्ध्या वाटेनंतर माझ्याशी बोलायचे बंद झाले. परभणीला उतरून एसटीत बसले तेव्हा ढेपेचा एक कोपरा मुंग्यांनी जवळजवळ स्वतःच्या नावावर करून घेतला होता.

परभणी सोडलं की काळी, सपाट रानं सुरू होतात. आमच्याकडे नजर कुठे ना कुठे डोंगराला अडते. इथं ती अडतच नाही. ज्वारी कणसात आलेली, कापसाच्या पऱ्हाट्यांवर शेवटची वेचणी राहिलेली, आणि रस्त्यानं कापूस भरून चाललेले ट्रॅक्टर. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना जागोजाग कापूस अडकलेला होता. मला ते फार सुंदर वाटलं, मी मोबाइलवर फोटोही काढला. पुढे पाथरी जवळ आली तसा तोच कापूस टपऱ्यांच्या पत्र्यांवर, विजेच्या तारांवर, शाळेच्या खिडक्यांच्या जाळीत दिसायला लागला. शेजारच्या बाईनं तोंडावर पदर घेतला, तेव्हा मीही घेतला.

सुमनच्या घरी जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी होती. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला. आमच्याकडे चुरमुऱ्यांचा भडंग होतो नाहीतर भेळ. इथं ते भिजवून पोह्यांसारखे फोडणीला टाकतात. दोन दिवसांनी मला भडंगाची आठवण येईनाशी झाली. सुमनची बोलीही आता पुरती इथलीच झाली आहे. "काय करायलीस?" असं ती मला विचारायची आणि मी तिच्याकडे बघत राहायचे.

अप्पा सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसत. आवाज चांगला, खर्जातला. पूर्वी त्यांचं स्तोत्र गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येई. आता ओळ अर्ध्यात आली की ते थांबत, खांदे वर घेऊन श्वास ओढत आणि उरलेली अर्धी म्हणत. सुमन स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून ऐकत उभी राहायची, पुढची अर्धी ओळ आली की पुन्हा कामाला लागायची. ते बघून मला भीती वाटली.

पूजेनंतर त्यांचं पथ्य सुरू होई. आवळ्याचा रस, दहाला पेरू, जेवणात शेवग्याचा पाला, झोपताना हळदीचं दूध, वर कुठल्याशा व्हिडिओत बघून मागवलेल्या नारिंगी गोळ्या. माझ्या जन्मभराच्या विद्यार्थिनींपैकी एकीचंही ताट इतकं चांगलं नसेल. त्यातली एकही गोष्ट वाईट म्हणण्यासारखी नव्हती (गोळ्या सोडून). म्हणून तर मला बोलणं अवघड जायला लागलं.

जिनिंगवर

दुसऱ्या दिवशी अप्पा मला जिनिंग दाखवायला घेऊन गेले. पाहुणी आली की तिला आपली कामाची जागा दाखवायची, यात त्यांना अभिमान होता. बाहेर आवारात कापसाचे ढीग, त्यांच्यावर चढून खाली ओढणारी माणसं, आणि आत लांबलचक शेड. शेडमध्ये यंत्रांची रांग, प्रत्येक यंत्रापाशी एक बाई, तोंडाला पदराचा फेटा बांधलेली. आत गेल्यावर पहिल्यांदा मला वाटलं की माझा चष्मा धुरकटला. चष्मा स्वच्छ होता, हवाच तशी होती. बायकांच्या भुवया, पापण्या, हातावरची लव, सगळं पांढरं. मी फार वेळ थांबले नाही तरी घसा खवखवायला लागला. अप्पा मात्र आरामात उभे राहून कुठल्या यंत्राची रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, लांब धाग्याची निघते ते समजावत होते आणि दर दोन वाक्यांनंतर खोकत होते.

कौसाबाई तिथं सगळ्यांत जुन्या. चहाच्या सुट्टीत मी त्यांच्यापाशी बसले. आठवड्याची सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी छाती दोरीनं आवळल्यासारखी होते, मग हळूहळू सैल पडते, असं त्यांनी सांगितलं. इतर बायकांनी माना हलवल्या. सगळ्यांचंच तसं होतं. मी मास्कचं विचारलं. कोरोनात एकदा आले होते, पातळ, घामानं तोंडाला चिकटायचे. नंतर कुणी मागितले नाहीत, कुणी दिले नाहीत. आणि गूळ मिळतो की, असं कौसाबाई म्हणाल्या.

हा गूळ मी संध्याकाळी पाहिला. या भागात जिनिंग असो की वीटभट्टी, धुळीच्या कामावरच्या माणसाला दिवस संपताना गुळाचा खडा द्यायचा, ही जुनी रीत आहे. गुळानं छातीतली धूळ खाली उतरते, अशी समजूत. या जिनिंगमध्ये मालकांच्या वडिलांनी ती सुरू केली आणि वाटण्याचं काम पहिल्यापासून अप्पांकडे. भोंगा झाला की ते हातपाय धुऊन, पितळी परात घेऊन फाटकाशी उभे राहत. बाई पुढे येई, पदर सावरून उजवा हात पुढे करी, अप्पा खडा ठेवत आणि म्हणत, "खा आन् उद्या या." ती खडा कपाळाला लावून मगच पुढे जाई. मठात प्रसाद घेताना माणसं जशी वागतात तशीच ती वागत होती. अप्पांचा चेहरा दिवसभरात त्या वेळी जेवढा शांत दिसला तेवढा पूजेतही दिसला नव्हता.

फाटकाबाहेर गेल्यावर मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बहुतेक बायका खडा दातांनी तोडत, अर्धा तोंडात टाकत आणि अर्धा पदराच्या टोकाला बांधत. कौसाबाईंना मी विचारलं तर म्हणाल्या की घरी नात आहे, उरलेला तिचा. मग तुमच्या छातीचं काय, असं मी म्हणाले. त्या माझ्याकडे बघून हसल्या. "अर्ध्यानं अर्धी धूळ उतरती की, बाई."

शेतावर

सुट्टीच्या दिवशी अप्पांच्या एका मित्राच्या शेतावर हुरड्याला गेलो. थंडी छान होती. गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, तिच्या आरात ज्वारीची कणसं खुपसायची, भाजली की हातावर चोळून हिरवे, गरम दाणे खायचे. सोबत चटणी, दही आणि मी आणलेला गूळ. इतका गोड हुरडा मी कधी खाल्ला नव्हता. पण अप्पांना आगटीचा धूर सोसेना. ते दोनदा जागा बदलून बसले, वारा दोन्ही वेळा त्यांच्यामागे गेला, शेवटी ते लांब बांधावर जाऊन बसले. सुमननं मला डोळ्यांनी खुणावलं आणि त्यांच्यासाठी भरलेली ताटली माझ्या हातात दिली.

मला फिरवून बोलता येत नाही. मी ताटली दिली आणि म्हणाले, अप्पा, गंगाखेडला का जात नाही? त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं. मग स्वतःच थांबले आणि म्हणाले, "अक्का, तुमी शिकलेल्या. गुळानं धूळ उतरती का न्हाई, खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून नगा सांगू."

मग मी सांगितलं. धूळ-धूर आत गेला की छातीत आतल्या आत दाह सुरू होतो. तो दाह शमवायला शरीराला जी सामग्री लागते त्यातली काही फळं-भाज्यांतून मिळते. ज्यांच्या ताटात ती असते त्यांची फुफ्फुसं थोडी बरी टिकतात असं काही अभ्यासांत दिसतं, काहींत दिसत नाही. गोळ्यांचं तर मुळीच खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून आवळा खा, पेरू खा, पाला खा, जरूर खा. पण तो थोडा आधार आहे, आडोसा नाही. रोज दिवसभर रुईच्या धुळीत वावरायचं आणि पेरू खाऊन ती भरपाई करायची, हे होत नाही. गुळाचं विचाराल तर उंदरांवरच्या प्रयोगांपलीकडे माणसाबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. घसा ओला होतो, बरं वाटतं. पण गूळ जातो पोटात आणि धूळ जाते छातीत. त्यांची गाठ पडत नाही.

अप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी ताटलीतले दाणे बोटानं एका बाजूला सारले आणि बराच वेळ समोरच्या ज्वारीकडे बघत बसले. मला वाटलं, पटलं. सुटले एकदाचे. आगटीपाशी बसलेल्या सुमनला मी लांबूनच मान हलवून सांगितलंसुद्धा. तेवढ्यात ते म्हणाले, "मंग मी त्या बायांना इतकी वर्सं काय वाटलं?"

मी म्हणाले, गूळ वाटलात, काही वाईट नाही वाटलंत.

"गूळ मालकाचा व्हता, अक्का. माझं निस्तं बोलणं व्हतं. खा आन् उद्या या. त्या आल्या."

हुरडा थंड झाला होता, तो आम्ही दोघांनी तसाच खाल्ला.

पुन्हा फाटकाशी

दुसऱ्या दिवशी अप्पा मालकांकडे गेले. माझी साक्ष हवी म्हणून मलाही नेलं. मालक तरुण, नम्र, घरचं कुणी आल्यासारखं त्यांनी आमचं केलं. चहा झाला. अप्पांनी उभं राहूनच सांगितलं की शेडला धूळ ओढणारे पंखे बसवा, बायकांना जाड मास्क द्या, गुळानं काही होत नाही. मालकांनी माझ्याकडे वळून विचारलं, तुमचंही हेच म्हणणं आहे का? मी होय म्हणाले. नुसतं होय म्हणून थांबले असते तरी चाललं असतं, पण वर्गात उभी असल्यासारखी मी त्यांना सगळं सोडवून सांगितलं. त्यांनी अगदी मन लावून ऐकलं. मग म्हणाले की पंख्यांचं पुढच्या हंगामात बघू, मास्कचंही विचारून ठेवतो, आणि तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं. उपयोग नसलेली गोष्ट देऊन लोकांना फसवणं त्यांनाही पटत नव्हतं. गूळ आजपासून बंद.

अप्पा घाईनं म्हणाले, तसं नाही म्हणालो मी, मास्क येईपर्यंत तरी चालू द्या. मालक हसले. "अप्पा, तुमच्याच पाहुण्या सांगतायत ना?"

बाहेर येईपर्यंत मला धड राग आला नव्हता, नुसता गोंधळ होता. मी बोलले त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. आवारात आल्यावर राग आला, आणि तो मालकांपेक्षा माझ्यावरच जास्त होता.

संध्याकाळी भोंगा झाला. अप्पा हातपाय धुऊन फाटकाशी उभे राहिले, परात नव्हती. बायका सवयीनं रांगेत आल्या. अप्पांनी हात जोडले आणि जे होतं ते सांगून टाकलं, की गुळानं धूळ उतरत नाही, इतके दिवस मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, आणि गूळ आजपासून मिळणार नाही. बोलताना तीनदा श्वास घ्यायला थांबले. पुढची बाई हात पुढे करूनच उभी होती, तिनं तो मागे घेतला आणि कडेनं निघून गेली. मागच्याही गेल्या. कौसाबाई तेवढ्या माझ्यापाशी थांबल्या. त्यांच्या भुवयांवरची रुई अजून तशीच होती.

"बाई, धूळ तर आमाला म्हाईतच हाय," त्या सावकाश म्हणाल्या. "पोरगी दारात बसून ऱ्हाती गुळाची वाट बघत. तिला आता काय सांगू?"

मी पैसे काढायला पर्सकडे हात नेला आणि तिथंच थांबले. त्या माझ्याकडे न बघता निघाल्या होत्या.

घरी सुमन खुशीत होती. गूळ बंद झाल्याचं तिला कळलं होतं, आता अप्पांना इथं अडकवणारं काही उरलं नाही असं तिला वाटलं. तिनं खोलीत ट्रंक काढून ठेवली होती, अप्पांची धोतरं घड्या घालून त्यात भरत होती. अप्पा दारातून ते बघत राहिले. मग म्हणाले की ट्रंक वर ठेव, मी गंगाखेडला जाणार नाही. सुमनला आधी थट्टा वाटली. नंतर ती ओरडली, रडली, डॉक्टरांचं नाव काढलं, माझं नाव काढलं. अप्पांनी आवाज चढवला नाही, चढवण्याइतका श्वासही नव्हता. "माझ्या शब्दावर त्या धुळीत उभ्या ऱ्हायल्या," ते म्हणाले. "आता त्यांना तिथंच ठेवून मी भांडी इकाया जाऊ?" सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी खूप बोलले, सगळं निरर्थक. तुम्ही तिथं राहून त्यांची धूळ कमी होणार नाही, असंही म्हणाले. ते म्हणाले, होय, म्हाईत हाय.

सुमन मला स्टँडवर सोडायला आली. निघताना तिनं धपाट्यांचा डबा हातात दिला आणि म्हणाली की तुला ह्यांना सोडवायला बोलावलं होतं गं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यानं जास्त लागलं.

रथसप्तमी होऊन गेली. गंगाखेडच्या भावानं गल्ल्यावर दुसरा माणूस ठेवला. सुमनचे फोन येतात. अप्पा आता कचेरीत बसत नाहीत. एकेका बाईला थोडा थोडा वेळ बाहेर मोकळ्या हवेवर पाठवतात आणि ती परत येईपर्यंत तिच्या यंत्रापाशी स्वतः उभे राहतात. मास्क आलेले नाहीत. मालक काही बोलत नाहीत, कारण काम अडत नाही. सकाळचं स्तोत्र आता मनातल्या मनात चालतं.

परवाच्या फोनवर मी विचारलं, निदान आवळ्याचा रस तरी घेतात ना? पेरू? दुसरं काही विचारायची मला हिंमत झाली नाही.

"तू सांगून गेलीस तवापासून फळाला हात लावला न्हाई त्यांनी," ती म्हणाली. "म्हणत्यात, त्या बायांना कुठं मिळायलंय."